आतून रंगवलेली चाकं

रंगाच्या बाबतीत तिची एकच खोड होती, अर्धवट काम तिला बघवत नसे. घरी बसून ती गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवायची. समोरचे आकडे झाले की प्लेट उलटी करून पाठीलाही एक हात द्यायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो बाई, पाठ कोण बघतंय?" ती म्हणायची, "गंज बघतो." तिच्या प्लेटा टिकायच्या त्या म्हणूनच.

नवऱ्याच्या ट्रकचे मागचे चार टायर बदलायचे ठरले. चाकं उतरली. त्यांच्या लोखंडी डिस्क दोन दिवस वर्कशॉपच्या अंगणात नुसत्या पडून राहणार, असं कळल्यावर तिचे हात शिवशिवायला लागले.

"ट्रकच्या चाकांना कोण रंग लावतं?" नवरा हसला होता. "लग्नाला चाललाय का ट्रक?"

"तुम्ही चालवता ना तो? मग जरा नीटनेटका दिसू दे की."

पिकल्या टोमॅटोसारखा लाल रंग तिनं निवडला. चार वर्षांची पोर दुपारी वर्कशॉपच्या बाकावर झोपली की जो तासभर मिळायचा, तेवढ्यात ती दोन-दोन डिस्क उरकायची. आतून, बाहेरून, कडांना, भोकांना, सगळीकडं दोन-दोन हात. जिथं कुणाचा डोळा कधीच जाणार नव्हता तिथंसुद्धा.

आज सकाळी साडेआठला नवरा फरश्यांचा माल भरून निघाला. फाटकातून बाहेर पडताना त्यानं मुद्दाम गाडी हळू केली होती, तिला चाकं फिरताना बघता यावीत म्हणून. पोरीनं टाळ्या वाजवल्या. तीही वेड्यासारखी हसत उभी राहिली.

आणि आता साडेदहाला ती उकिडवी बसून पाचव्या, जास्तीच्या डिस्कला दुसरा हात देत होती. तेवढ्यात मिस्त्री आले. वर्कशॉपमधली चाकं, ब्रेक, धुरा सगळं तेच बघायचे, पण डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून चार दिवस घरी होते. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता.

"काय पेंटरबाई, वर्कशॉपचं ब्यूटी पार्लर केलंत होय?"

"काका! डोळा कसा आहे?"

"डोळा ठीक आहे. घरी बसून डोकं बिघडलं. म्हातारी टीव्हीसुद्धा बघू देत नाही. ती बघते आणि मला सांगते, आता सासू रडतेय, आता सून रडतेय." ते वाकले. "छान हात आहे गं तुझा."

डिस्कवर त्यांनी अंगठा टेकवला. ऑपरेशनच्या आधीपासूनच ते बघण्यापेक्षा हात लावून जास्त ओळखायचे. अंगठा बाहेरच्या कडेवरून फिरला, मधे बोल्ट बसायच्या भोकांच्या रांगेवर आला आणि थांबला. नख रंगात रुतलं.

"इथंही लावलास?"

"सगळीकडं. पाठीलाही. दोन हात." तिच्या आवाजात अभिमान होता, लपवायचं काही कारणच नव्हतं. "बघा की उलटी करून."

मिस्त्रींनी डिस्क उलटी केली नाही. काळा चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तिच्याकडं पाहिलं. उजेडानं ऑपरेशनचा डोळा पाणावला होता.

"गाडीला चढवली ती चारही अशीच?"

"अशीच. का?"

"फुग्या!" मिस्त्रींनी हाक मारली. टायरवाल्याला सगळे फुगाच म्हणायचे, पोट तसं होतं आणि हवा भरायचं कामही तेच. "काल चाकं चढवलीस ती खरडून घेतलीस का रे?"

फुगा हात पुसत आला. "काय खरडायचं? वहिनींनी एवढ्या मेहनतीनं रंगवलेली. उलट जपून चढवली मी. एक ओरखडा येऊ दिला नाही, आईशप्पथ. आणि नट मशीननं आवळले, कच्चकन."

मिस्त्री बाकावर बसले. मग लगेच उठले.

"फोन लाव त्याला. आत्ता."

तिनं फोन लावला. घंटा वाजत राहिली. ती काही विचारायच्या आतच मिस्त्रींनी ओली डिस्क उचलून दुसऱ्या एका डिस्कला चिकटवून धरली.

"चाक असं बसतं, लोखंडाला लोखंड भिडून. तू मधे रंग घातलास. नट आवळला तो रंगावर. आता गाडी भरलेली, ऊन आहे, ब्रेक लागून चाक तापतंय. रंग दबणार, पापुद्रा सुटणार. जेवढा रंग गेला तेवढा नट ढिला." त्यांनी डिस्क खाली ठेवली. "एक ढिला झाला की भार शेजारच्यावर. मग तोही."

"पण त्यांना कळेल ना? गाडी हलेल, आवाज येईल."

"पुढचं चाक असतं तर स्टिअरिंग थरथरलं असतं. मागच्या जोडचाकाचं भरल्या गाडीत काही कळत नाही. कळतं तेव्हा चाक आरशात दिसतं. गाडीच्या बाजूनं पुढं निघून जाताना."

तिच्या हातातला ब्रश मातीत पडला.

"मी असतो तर त्याला सांगितलं असतं, पन्नास किलोमीटरवर थांब, उतर, पाना फिरव. प्रत्येक नव्या चाकाला सांगतो. या वेळी मी घरी टीव्ही ऐकत बसलेलो."

ती पुन्हा फोन लावत होती. एकदा, दोनदा, पाच वेळा. तो उचलणार नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पोर पोटात होती तेव्हा एकदा चालत्या गाडीत त्यानं तिचा फोन घेतला होता. बोलता बोलता गाडी रस्ता सोडून खडीवर उतरली आणि ती खडखड तिनं फोनमधून ऐकली होती. त्या रात्री त्याचा हात आपल्या पोटावर ठेवून तिनं शपथ घ्यायला लावली: गाडी चालू असेल तोवर फोनला हात लावायचा नाही. तेव्हापासून त्याचा फोन आवाज बंद करून डब्याच्या पिशवीत, सीटच्या मागं. माणूस शब्दाचा पक्का होता. आज पहिल्यांदा तिला वाटलं, जरा कच्चा असता तर बरं झालं असतं.

फुग्यानं गाडीमालकाच्या ऑफिसात फोन केला, तर तिथल्या माणसानंही तिच्या नवऱ्यालाच फोन लावला. मिस्त्रींनी पोलिसांना लावला. तिथं विचारलं, गाडी कुठल्या हद्दीत आहे?

"कुठं असेल गं आता?" मिस्त्रींनी विचारलं. "दोन तास झाले निघून."

तिला तो रस्ता तोंडपाठ असायला हवा होता. रोज रात्री तो पोरीला झोपवताना हाच रस्ता गोष्टीसारखा सांगायचा. पण आता डोक्यात लाल रंगाशिवाय काही उमटेना. पंप आधी की पूल आधी?

पोर मिस्त्रींच्या बाकावर पाय हलवत बसली होती. गळ्यात छोटी पर्स आणि पर्समध्ये बाबानं आणलेल्या टोलच्या पावत्या. त्या तिची तिकिटं. बाप तिला कंडक्टर म्हणायचा आणि सगळं वर्कशॉपही तेच म्हणायचं.

"कंडक्टर," ती पोरीसमोर गुडघ्यांवर बसली. आवाज सरळ ठेवायला तिला फार जड गेलं. "बाबाची गाडी कुठनं कुठनं जाते गं? मला सांग बरं."

"आधी पंप. गाडी दूध पिते," पोरीनं लगेच सुरू केलं. "मग काटा, गाडी वजन करते. मग पूल. पाण्याला टाटा. मग कुत्र्याचं हॉटेल, बाबा जेवतो."

"तिथं थांबेल तो! तिथं फोन बघेल," फुगा म्हणाला.

"आज नाही थांबणार," पोर म्हणाली. "आज आईनं डबा दिलाय. डबा खाली गेल्यावर."

"खाली म्हणजे?"

"कुत्र्याचं हॉटेल, मग हातवाली. मग घसरगुंडी! गाडी हळू हळू हळू खाली येते. मग बाजार, मग शाळा, मग डबा."

तो उतार मिस्त्रींना ठाऊक होता. सात किलोमीटर, वळणावळणाचा आणि तळाला बाजार.

"हातवाली कोण?" त्यांनी विचारलं.

"टोलनाक्यावरच्या बाई," पोरीऐवजी आईच म्हणाली. "ट्रकमधून ह्यांना खिडकीतला नुसता हातच दिसतो त्यांचा. हिच्यासाठी गोळी देतात कधी कधी." आणि बोलता बोलताच तिची नजर पोरीच्या पर्सवर गेली. "पावती! पावतीवर नंबर असतो. कंडक्टर, दे बरं एक."

पोरीनं पर्स छातीशी धरली. "तिकीट फुकट नाही."

फुगा पुढं झाला तशी पोरीची पकड घट्ट झाली, ओठ बाहेर आले. आता रडली तर दहा मिनिटं गेली. आईनं डोळे मिटले, उघडले आणि हात पुढं केला.

"एक पूर्ण, एक अर्धं द्या हो. आम्हाला बाबाकडं जायचंय."

"सुटे आहेत का?" पोरीनं कडक आवाजात विचारलं.

"आहेत."

हवेतले पैसे मोजून घेऊन पोरीनं दोन पावत्या फाडल्यासारख्या करून दिल्या. एक पूर्ण पुसट झालेली, कोरी. दुसरी गेल्या आठवड्यातली. तळाला बारीक अक्षरांत मदतीसाठी म्हणून एक नंबर होता.

फोन लागला. एका गोड आवाजानं यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा असं सांगितलं आणि मग गाणं लागलं. तिनं फोन कानाला दाबून धरला. शेजारी मिस्त्री बसले होते, हात गुडघ्यांवर.

"एकदा बघितलंय मी," ते अगदी हळू म्हणाले, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. "माझ्याच हातचं चाक. मालकानं रंगवून आणलं, मी तसंच चढवलं, तरुण होतो. गाडीला ब्रेक असतो गं, सुटल्या चाकाला नसतो. उतारावर उड्या मारत गेलं. खाली एक मास्तर सायकल हातात धरून उभे होते, रस्ता ओलांडायला. ट्रक थांबायची वाट बघत होते बिचारे." त्यांनी चष्मा खाली ओढला. "तेव्हापासून मी आधी अंगठा फिरवतो."

गाणं थांबलं. एक तरुण आवाज म्हणाला, "बोला. तक्रार क्रमांक सांगा."

"तक्रार नाही. माझ्या नवऱ्याचा ट्रक तुमच्या उताराच्या नाक्याकडं येतोय. त्याची मागची चाकं सुटायला आली आहेत. त्याला माहीत नाही. त्याला नाक्यावर अडवा, पुढं सोडू नका."

"मॅडम, आम्ही असं कुणाला—"

"खाली बाजार आहे दादा. शाळा आहे."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "गाडी नंबर?"

तो तिनं एका दमात सांगितला. तिनंच रंगवला होता, पुढून आणि पाठीमागूनही.

"आणि चाकं लाल आहेत," ती म्हणाली. "लालभडक. अशी दुसरी गाडी नसेल."

"लाइन चालू ठेवा."

मग नुसती खरखर. वर्कशॉपमध्ये कुणीतरी ग्राइंडर सुरू केला, फुग्यानं धावत जाऊन तो बंद केला. तिनं मोजायला सुरुवात केली आणि एकशे चाळीसवर आकडे हरवले. पुन्हा एकपासून. पोर शेजारी बसून उरलेल्या तिकिटांना सरळ करत होती.

आणि मग एका बाईचा आवाज आला, धापा टाकत.

"हॅलो? कंडक्टरची आई का तुम्ही?"

तिला आधी काही कळलंच नाही. "हो," ती म्हणाली. "हो, मीच."

"आली हो तुमची गाडी. माझ्याच रांगेत आहे. दांडा खाली पाडून ठेवलाय, मागचे हॉर्न मारून मारून मेले तरी उचलत नाही. हे घ्या, बोला."

"काय झालं?" नवऱ्याचा आवाज. "पोर बरी आहे ना? अगं बोल ना!"

तिनं फोन मिस्त्रींपुढं धरला. मिस्त्रींनी फोन घेऊन स्पीकरवर टाकला. "सगळे बरे आहेत. गाडी कडेला घे, इंजिन बंद कर, दगड लाव. मग मागं जा आणि नटांना हात लाव. पाना नको. नुसता हात."

बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. हॉर्न, कुणाचं तरी ओरडणं, वारा. मग त्याचे पाय वाजले.

"मिस्त्री." आवाज बदलला होता. "हातानं फिरतायत."

"किती?"

"डावीकडचे सहा. सातवा... सातवा जागेवर नाहीच. उजवीकडचे तीन." आणि मग, "मी पुढच्या दोन मिनिटांत उतारावर असतो, मिस्त्री."

"माहीत आहे."

"त्या फुग्याला सांगा, मी आलो की—"

फुगा बाजूला मान खाली घालून उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. या क्षणी ती गप्प बसली असती तर मिस्त्रींनी सांभाळून घेतलं असतं, तिला ते दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

"फुगादादांचं काही नाही," ती म्हणाली. "मी केलंय. आतून रंगवलं मी. जिथं चाक टेकतं तिथं. तो रंग दबला."

"आतून? आतून कशाला?"

"गंज येऊ नये म्हणून."

आता त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी तिला चाललं असतं. मागं कुणीतरी विचारलं, "पाणी देऊ का, भाऊ?" तो हातवालीचाच आवाज होता.

"बसतो जरा," तो शेवटी म्हणाला. "डबा खातो इथंच." आणि मग, "पाचवीला अजून रंग लावू नकोस, एवढं कर."

ती हसली आणि त्या हसण्यातच तिला रडू फुटलं. "फोन उचलला असतात तर..."

"शपथ घालणारी तूच."

"ती राहू दे," नाक पुसत ती म्हणाली. "शपथ तशीच राहू दे."

मिस्त्रींनी जॅक, पाने, नवे नट आणि लोखंडी तारांचे ब्रश फुग्याच्या टेम्पोत टाकले. चारही चाकं उतरवून, खरडून पुन्हा चढवावी लागणार होती. ती पोरीला कडेवर घेऊन टेम्पोच्या दाराशी उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही कशाला?" फुगा म्हणाला. "उन्हात पोरीला घेऊन?"

"लावला मी. काढते पण मीच."

मिस्त्री सरकून बसले.

नवऱ्याच्या तोंडून हजार वेळा ऐकलेला रस्ता ती पहिल्यांदा बघत होती. पोर तिच्या मांडीवर उभी राहून पुकारत होती, "पंप! उतरणारे उतरा!" पंप आला. काटा आला. पुलावर पोरीनं पाण्याला टाटा केलं, फुग्यालाही करायला लावलं. हॉटेलच्या दारात खरंच एक पिवळं कुत्रं पाय पसरून झोपलं होतं. प्रत्येक ठिकाणी माणसं होती. पंपावर स्कूटरवाली बाई, काट्यावर हिशेबनीस, पुलाच्या कठड्याला टेकून उसाचा तुकडा चावणारे दोन म्हातारे. गोष्टीत ही माणसं कधी नसायची. त्यांच्या शेजारून गेली होती ती चाकं, आज सकाळी, एकेक नट फिरत.

नाका आला. कडेला ट्रक उभा होता, चाकं लांबूनच दिसत होती. नवरा सावलीत बसला होता, मांडीवर डबा तसाच. पोर त्याच्याकडं पळत सुटली. तो उठला, पोरीला उचललं आणि बायकोजवळ येऊन नुसता उभा राहिला. तिनं त्याच्या बाहीला धरलं. हाताला लाल रंग होता, बाहीला लागला.

"डबा का नाही खाल्लात?"

"तुम्ही येताय म्हणालात ना. मग थांबलो."

नाक्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलला. पोरीनं ओरडून उत्तर दिलं.

जॅक लागला, पहिलं चाक उतरलं. आतल्या बाजूचा रंग सालपटं होऊन लोंबत होता, मधेच खाली काळं लोखंड. मिस्त्रींनी तिला तारेचा ब्रश दिला आणि बोट फिरवून दाखवलं, इथपासून इथपर्यंत, एक ठिपका ठेवायचा नाही.

ती रस्त्याकडं तोंड करून बसली. तिथून उतार दिसत होता, वळत वळत खाली गेलेला, आणि तळाला बाजाराची पत्र्याची छपरं. एक बस थांबली होती. तिच्यातून उतरून इवली इवली माणसं ओळीनं रस्ता ओलांडत होती.

ती घासत राहिली. पोर येऊन शेजारी बसली, डिस्कमध्ये वाकून बघू लागली.

"आई, इथं रंग राहिला लावायचा."

"इथं नाही लावायचा."

"का?"

"इथं चाक धरून बसतं." तिनं पोरीचा अंगठा हातात घेतला आणि उघड्या लोखंडावरून फिरवला, गार आणि खरखरीत. "बघ. असं लागलं पाहिजे."

पोरीनं दोनदा स्वतःहून फिरवून पाहिलं, मग पर्समधून एक तिकीट काढून डिस्कवर ठेवलं. दुसऱ्या बाजूनं नवरा पाना घेऊन वाकला होता. पोरीनं त्याला बजावलं, "बाबा, काट्यानंतर थांबायचं. उतरून हात लावायचा. मगच पूल."

"बरं, कंडक्टर," तो म्हणाला.